आवाज येतो, चित्र नाही: एलईडी टीव्हीची बॅकलाइट तपासणं आणि बदलणं

टीव्ही सुरू होतो, बातम्या ऐकू येतात, रिमोटने चॅनलही बदलतात, पण पडदा काळाकुट्ट. अशा टीव्हीला बरेचदा दुकानात शिरताशिरताच निकाल मिळतो: "पॅनल गेलं, नवाच घ्या." पॅनल खरंच गेलं असेल तर सल्ला योग्य आहे, कारण नवं पॅनल टाकण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो. मात्र आवाज चालू आणि पडदा काळा, या लक्षणात पॅनल बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गेलेले असतात ते त्याच्या मागचे दिवे.

एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही. ते फक्त मागून येणारा उजेड अडवतं किंवा सोडतं. तो उजेड देणाऱ्या एलईडींच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट. ३२ ते ४३ इंची घरगुती टीव्हींत या पट्ट्या बहुधा पडद्याच्या थेट मागे, पत्र्याच्या तसराळ्यात चिकटवलेल्या असतात. काही सडपातळ मॉडेलांत त्या फक्त कडेला असतात आणि ॲक्रिलिकची जाड शीट उजेड आत पसरवते. एका ओळीतल्या सगळ्या एलईडी सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या. एक उघडी पडली, म्हणजे आतून तुटली, की अख्खी ओळ विझते. ओएलईडी टीव्हीला बॅकलाइटच नसते, त्यामुळे पुढचं काहीच त्याला लागू नाही.

टॉर्च लावून बघा

स्क्रू काढण्याआधी दोन फुकटच्या शंका फेडून घ्या. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत फक्त आवाज ऐकण्यासाठी पडदा बंद ठेवायची सोय असते. ती चुकून चालू झालेली नाही ना? आणि वॉरंटी शिल्लक नाही ना? शिल्लक असेल तर कव्हरला हात लावू नका.

आता खोलीत अंधार करा, टीव्हीचा मेनू उघडा आणि मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरून हळूहळू फिरवा. मेनूची अक्षरं भुतासारखी अंधुक दिसली, तर पॅनल, टी-कॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) आणि मेन बोर्ड काम करताहेत आणि दोष बॅकलाइटचा आहे. उलट पडदा मागून उजळलेला दिसतो पण चित्र नाही, तर पट्ट्यांचा काही संबंध नाही; टी-कॉन, केबल किंवा पॅनलकडे बघायचं. टॉर्चखाली काहीच दिसत नाही आणि आवाजही नाही, तर आधी पॉवर सप्लाय तपासा.

चित्र एक-दोन सेकंद चमकून जातं, हे लक्षण फार नेहमीचं. एखादी एलईडी आतून तडकलेली असते. थंड असताना ती चालते, गरम झाली की उघडी पडते आणि ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणारं सर्किट, स्वतःला वाचवायला बंद होतो. चित्र निळसर-जांभळं झालं असेल तर एलईडीवरचा पिवळा लेप (फॉस्फर) उष्णतेने उतरलाय. टीव्ही चालतो, पण पट्ट्यांचे दिवस भरलेत. पडद्यावर पांढरे गोल ठिपके असतील तर एलईडीवरची लेन्स गळून पडली आहे. एवढंच असेल तर पट्टी न बदलताही भागतं.

दोष साधारणपणे "व्होल्टेज वरखाली झालं" असं म्हणून विजेवर ढकलला जातो. लाइट परत येताना बसणारा झटका पॉवर सप्लाय मारू शकतो, पट्ट्या क्वचितच. पट्ट्या मरतात त्या उष्णतेने. कंपनी शोरूममध्ये चमक दिसावी म्हणून बॅकलाइट १०० वर ठेवून देते, आपण ती तशीच वर्षानुवर्षं वापरतो, आणि टीव्ही लाकडी युनिटच्या खणात बसवलेला असतो, जिथे हवा फिरतच नाही.

उघडायचा की नाही

३२ इंची टीव्ही सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसाने घरी उघडायला हरकत नाही. ४० आणि ४३ इंचीला दुसरा माणूस हवाच. ५५ इंच आणि वर असेल तर घरी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. काच स्वतःच्या वजनाने वाकते आणि फुटते. बिनबॉर्डरच्या मॉडेलांत पॅनल दुहेरी टेपने फ्रेमला चिकटवलेलं असतं, तेही अनुभवी माणसाकडेच द्या.

लागणारं सामान: फिलिप्स स्क्रूड्रायव्हर दोन मापांचे, प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या किंवा गिटारचे पिक, डीसी १००० व्होल्टपर्यंत मोजणारा मल्टिमीटर, एलईडी बॅकलाइट टेस्टर, सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल, उष्णता वाहून नेणारी दुहेरी टेप, सुती हातमोजे, काच उचलायचे दोन व्हॅक्यूम कप आणि धुतलेल्या दोन चादरी. टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर पुढचं निदान अवघड होतं.

मागचं कव्हर काढल्यावर

प्लग भिंतीतून काढा. टीव्ही चादरीवर पालथा ठेवा. स्टँडचे स्क्रू आधी, मग कव्हरचे. लांब आणि आखूड स्क्रू वेगळे ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी घुसला तर आतून पॅनलला टोचतो.

पॉवर सप्लायवरचा सगळ्यांत मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून ठेवू शकतो, कारण २३० व्होल्ट एसीचं रेक्टिफाय होऊन ३२५ व्होल्ट डीसी होतं. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून कपॅसिटरच्या दोन पिनांना काही सेकंद टेकवा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा.

पॉवर बोर्डवरून पत्र्याच्या आत शिरणारी, दोन किंवा चार तारांची एक जोडणी दिसेल. जवळ एलईडी प्लस, एलईडी मायनस असं छापलेलं असतं. ती बॅकलाइटची. कनेक्टर बोर्डवरून काढा आणि पट्ट्यांच्या बाजूला टेस्टर लावा, लाल प्लसला. टेस्टर थोडा करंट देऊन ओळीचं एकूण व्होल्टेज दाखवतो.

हा आकडा नीट वाचता आला तर अर्धं निदान झालं. समजा ३२ इंची टीव्हीत तीन पट्ट्या, प्रत्येकी ७ एलईडी, ३ व्होल्टच्या. एकूण २१. टेस्टरच्या कमी करंटवर एलईडीमागे साधारण २.७ ते २.९ व्होल्ट धरले, तर आकडा ५७ ते ६१च्या दरम्यान यावा. टेस्टर आपलं कमाल व्होल्टेज दाखवून थांबला, बऱ्याच टेस्टरांत ते ३००च्या आसपास असतं, तर ओळ कुठेतरी तुटली आहे. आकडा अपेक्षेपेक्षा ३ व्होल्टनी कमी असेल तर एक एलईडी शॉर्ट झाली आहे. बाकीच्या लागतील, पण काही ड्रायव्हर तेवढ्यावरूनही बंद पडतात. आणि आकडा बरोबर असून सगळा पत्रा आतून उजळला, तर पट्ट्या निर्दोष आहेत. पॅनल उघडू नका, ड्रायव्हर बघा.

ड्रायव्हर तपासायचा तर टीव्ही चालू करावा लागतो, म्हणून इथे सावध. मीटर डीसीला, काळा प्रोब सेकंडरीच्या (मेन्सपासून वेगळ्या ठेवलेल्या बाजूच्या) ग्राउंडला आधीच क्लिपने लावा, लाल प्रोब एलईडी प्लसवर, दुसरा हात खिशात. बोर्डवर जाड रेघेने किंवा मोकळ्या पट्टीने वेगळा दाखवलेला मेन्सचा भाग असतो, तिकडे जायचं नाही. पट्ट्यांचा कनेक्टर बोर्डला लावून मगच टीव्ही चालू करा. व्होल्टेज झपकन चढून खाली आलं, तर ड्रायव्हर जिवंत आहे. त्याला पुढे भारच सापडत नाही, म्हणजे पुन्हा पट्ट्या. व्होल्टेज चढतच नसेल, तर मेन बोर्डकडून येणारा बॅकलाइट चालू करण्याचा सिग्नल मोजा. त्याच्याजवळ बीएल-ऑन किंवा बीएल-ईएन असं लिहिलेलं असतं. तिथे साधारण ३ व्होल्ट किंवा जास्त हवेत. सिग्नल येत असेल आणि ड्रायव्हर ढिम्म असेल, तर फ्यूज, मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर), बूस्टचा (व्होल्टेज चढवणारा) डायोड आणि आउटपुटचा कपॅसिटर या क्रमाने बघा. डोक्यावर फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनीच कळतो. सिग्नलच येत नसेल तर दोष मेन बोर्डचा.

पॅनल काढणं

टीव्ही हमखास फुटतो तो याच टप्प्यावर. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

पंखा बंद. ठाण्यात किंवा वाशीत मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण पंख्याने उडालेली धूळ शीटवर बसते आणि पुढे पांढऱ्या पडद्यावर काळा ठिपका होऊन रोज दिसते. रस्त्याकडची खिडकी लावून घ्या. घाम टिपायला रुमाल जवळ ठेवा.

टीव्ही पालथा असतानाच टी-कॉनवरून पॅनलकडे जाणाऱ्या चपट्या रिबन सोडवा. त्यांचं काळं किंवा पांढरं कुलूप नखाने उचललं की त्या निसटतात, ओढायच्या नाहीत. या रिबन काचेच्या कडेला असलेल्या लांबट, अरुंद बोर्डांपाशी जातात. ते बोर्ड आणि काच यांच्यामध्ये तपकिरी, कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर एक काळी चिप असते. कारागीर त्यांना कॉफ म्हणतात. यातली एक जरी दुमडली किंवा तिची कड अर्धा मिलिमीटर सुटली, तर पडद्यावर उभी रेघ येते, आणि ती घरी दुरुस्त होत नाही. त्या बोर्डांचे स्क्रू किंवा हूक आधी मोकळे करा.

आता टीव्ही सुलटा करा. बाहेरची बॉर्डर कडेच्या स्क्रूंनी किंवा आतल्या खाचांनी अडकलेली असते. प्लास्टिकचा पिक कोपऱ्यापासून सरकवत एकेक खाच सोडवा, जिथे कॉफ आहेत ती बाजू सगळ्यांत शेवटी. स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घालू नका. काच एक-दीड मिलिमीटरचीच असते.

बॉर्डर निघाली की दोघांनी दोन बाजूंनी, व्हॅक्यूम कप कडेपासून आत लावून, पॅनल सपाट उचला. एकाने बोर्डांची बाजू धरायची, म्हणजे काच आणि बोर्ड एकाच वेळी, एकाच पातळीत वर येतात. चादर घातलेल्या सपाट पलंगावर ठेवा, वर दुसरी चादर. पलंगावर कोणी बसणार नाही याची घरात सगळ्यांना ताकीद द्या. ही थट्टा नाही.

खाली प्लास्टिकची मधली फ्रेम, तिच्याखाली दोन-तीन पातळ शीट आणि एक जाड पांढरी प्लेट. सगळ्यांचा मिळून एकच गठ्ठा उचला, एकेक वेगळी करू नका. त्याआधी एका कोपऱ्यावर कडेला मार्करची खूण करा, नाहीतर वरची बाजू कोणती हे नंतर ओळखू येत नाही. शीट उलटी बसली की चित्र मळकट, असमान दिसतं आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. बोटाचे ठसे उमटू द्यायचे नाहीत, म्हणून हातमोजे. शेवटी पांढरा रिफ्लेक्टर कागद. त्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या फिरवून काढा.

मेलेली एलईडी शोधणं

आता पट्ट्या उघड्यावर आल्या. टेस्टर एकेका पट्टीला लावा. जी पेटत नाही, तिच्यावर एकेका एलईडीच्या दोन टोकांना प्रोब टेकवत जा. लेन्सच्या आत वाकून बघितलं तर मेलेली एलईडी बरेचदा दिसते: पिवळ्या चौकोनाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग, कधी भोवती तपकिरी वर्तुळ. आसपासचा रिफ्लेक्टर पिवळा पडलेला असेल तर तिथे उष्णता किती होती ते कळतं.

टेस्टर हाताशी नसेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि सिरीजमध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर चालतो. एलईडी मंद उजळते. रेझिस्टरशिवाय बॅटरी लावली तर ३ व्होल्टची चांगली एलईडीही जाते. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर ६ व्होल्टची एलईडी पेटत नाही, कारण तिच्या आत दोन चिप सिरीजमध्ये असतात; म्हणून न पेटलेली प्रत्येक एलईडी मेलेली समजू नका.

एकच एलईडी मेली असेल तर मोह होतो: तेवढीच बदलू, किंवा तिची दोन टोकं वायरने जोडून मोकळे होऊ. टीव्ही सुरू होतो, हे खरं. पण बाकीच्या एलईडीही तितकाच वेळ, तितक्याच करंटवर जळलेल्या असतात. थोड्याच काळात दुसरी जाते आणि पॅनल पुन्हा उचलावं लागतं, प्रत्येक वेळी कॉफचा धोका घेऊन. शॉर्ट केलेल्या जागी पडद्यावर सावलीही दिसते. म्हणून अख्खा संच बदला.

पट्टी विकत घेताना

टीव्हीचा मॉडेल नंबर सांगून पट्टी मागू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या काळात वेगळं पॅनल आणि वेगळ्या पट्ट्या टाकते. जुनी पट्टी काढा, तिच्यावर छापलेल्या नंबराचा फोटो घ्या, आणि जमलं तर पट्टीच सोबत न्या. जुळायला हव्यात त्या गोष्टी: लांबी मिलिमीटरमध्ये, एलईडींची संख्या, दोन एलईडींमधलं अंतर, एलईडी ३ व्होल्टची की ६ व्होल्टची, लेन्सचा आकार, कनेक्टरची जागा आणि पिना. डावी-उजवी पट्टी वेगळी असेल तर तेही. अंतर २ मिलिमीटरनी जरी चुकलं तरी रिफ्लेक्टरच्या भोकांत लेन्स बसत नाहीत. ३च्या जागी ६ व्होल्टच्या घेतल्या तर ओळीचं व्होल्टेज दुप्पट होतं आणि ड्रायव्हर ते देऊच शकत नाही.

नेहमीच्या ३२ इंची पट्ट्या ठाण्यात किंवा नवी मुंबईत टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे मिळून जातात. अडलेला नंबर असेल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड स्टेशन, तिथून चालत. ॲल्युमिनियमच्या पाठीची पट्टी मागा. फायबरची पट्टी हलकी असते, वाकते आणि उष्णता बाहेर टाकत नाही. मूळ पट्टी ॲल्युमिनियमची असताना ती स्वस्त म्हणून घेण्यात अर्थ नाही. दुकानातच टेस्टर लावून सगळ्या एलईडी एकाच रंगात लागतात का बघा, पैसे त्यानंतर.

बसवणं

जुनी पट्टी उपटताना पत्रा वाकवू नका; हेअर ड्रायरने गरम केली की टेप सैल होते. राहिलेली टेप अल्कोहोलने पूर्ण पुसा. नव्या पट्टीखालची टेप अखंड हवी. जिथे टेप सुटलेली, तिथे पट्टीची उष्णता पत्र्यात उतरत नाही आणि नेमकी तिथलीच एलईडी पहिली जाते. लेन्सवर दाब न देता दोन लेन्सच्या मधली जागा बोटाने दाबत जा. प्लस-मायनस जुन्यासारखंच, कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत.

लेन्स चिकटवायची वेळ आली तर तिच्या तीन बारीक पायांनाच इपॉक्सीचा थेंब लावा. फेव्हिक्विकसारख्या गोंदाची वाफ लेन्सवर पांढरी साय धरते.

करंट उतरवणं

पट्टी बदलणारे अनेक जण हा टप्पा सोडतात, आणि तोच टीव्ही वर्षा-दोन वर्षांत परत येतो. मूळ पट्ट्या ज्या करंटने जाळल्या, तोच करंट नव्या, बहुधा थोड्या हलक्या दर्जाच्या पट्ट्यांना मिळतो.

आधी मोजा. मीटर १० अँपिअरच्या खोबणीत, एलईडी प्लसच्या तारेत सिरीजमध्ये, टीव्हीची बॅकलाइट १०० वर. आकडा, उदाहरणार्थ ४०० मिलिअँपिअर, लिहून ठेवा. आता टीव्ही बंद करून, प्लग काढून, कपॅसिटर पुन्हा रिकामा करून बोर्डवर एलईडी मायनसच्या किंवा ड्रायव्हरच्या मॉसफेटच्या जवळ समांतर जोडलेले छोटे, कमी ओहमचे रेझिस्टर शोधा. त्यांवर २आर० किंवा ३आर३ असं लिहिलेलं असतं. समजा २ ओहमचे चार आहेत, एकत्रित अर्धा ओहम. त्यातला एक काढला की ०.६७ ओहम होतात आणि करंट मूळच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ३०० मिलिअँपिअरवर येतो. दोनच समान रेझिस्टर असतील तर एक काढल्यावर करंट निम्म्यावर येईल, ते फार झालं. तिथे काढलेल्याच्या जागी जास्त ओहमचा बसवा. २ ओहमचे दोन असतील तर एकाऐवजी ४ ओहमच्या जवळचा लावला की करंट ७५ टक्के होतो.

मूळच्या ७० ते ७५ टक्के पुरेत. डोळ्याला उजेड पाव भागाने कमी वाटत नाही, आणि घरातल्या उजेडात तर फरक शोधावा लागतो. काही ड्रायव्हर आयसींना करंट ठरवणारा वेगळा एकच रेझिस्टर असतो. अशा वेळी आयसीच्या डेटाशीटशिवाय हात लावू नका. जवळच असलेले मोठ्या ओहमचे रेझिस्टर ओव्हरव्होल्टेज संरक्षणाचे असू शकतात, त्यांच्याशीही खेळ नाही. सोल्डरिंग जमत नसेल तर मेनूतून बॅकलाइट ५० ते ६० वर आणा. ब्राइटनेस नव्हे, बॅकलाइट. ब्राइटनेसने बऱ्याच टीव्हींत फक्त चित्रातला काळा रंग वरखाली होतो.

बंद करण्यापूर्वी

पॅनल लावण्याआधी, फक्त रिफ्लेक्टर घालून, बोर्डवरूनच पट्ट्या चालवा आणि दहा मिनिटं तशाच ठेवा. डोळे थेट एलईडीकडे लावू नका. सगळ्या सारख्या दिसतात ना, एखादी लुकलुकत नाही ना. मग प्लेट आणि शीट खुणेप्रमाणे, रबरी फुंकणीने धूळ उडवून, फडक्याने अजिबात न पुसता. पॅनल खाली ठेवताना कॉफ फ्रेमच्या कडेखाली चिमटीत सापडत नाहीत हे वाकून बघा. रिबन सरळ आत जाऊन कुलूप बसायला हवं. तिरकी राहिली तर चित्र दुहेरी किंवा रंगीबेरंगी येतं, आणि नुसती परत लावली की ठीक होतं.

बॉर्डर अडकवण्यापूर्वी एकदा पूर्ण पांढरं चित्र लावा. धूळ, उलटी शीट, निसटलेली लेन्स सगळं इथेच दिसतं. त्यानंतर बॉर्डर, कव्हर आणि सलग दोन तास टीव्ही.

भिंतीवर लावताना मागे चार बोटं तरी जागा ठेवा आणि युनिटच्या खणात असेल तर खणाची पाठ मोकळी करा. खाडीकाठच्या इमारतींत पावसाळाभर दमट, खारी हवा आत येते. टीव्ही महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा. जुन्या पट्ट्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. आणि कव्हर लावण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: नव्या पट्टीचा नंबर, ओळीचं टेस्टरवरचं व्होल्टेज, उतरवलेला करंट आणि तारीख. पुढच्या वेळी टीव्ही उघडणाऱ्याला टेस्टर लावल्याबरोबर कळेल, आकडा किती यायला हवा होता.